दोन राउटर, एक साकव

इंटरनेट आता आपल्या घरात नळाच्या पाण्यासारखे येते. महिन्याचे पैसे भरायचे आणि तोटी उघडायची. पण गंमत अशी, की नळ असतो ओटीवर आणि तहान लागलेली असते मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत फोनवर वाय-फायच्या चारही कमानी उजळलेल्या असतात, माजघरात दोन होतात, आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे गेले की एकही उरत नाही. मग माणूस काय करतो? कंपनीला फोन लावतो आणि जास्त वेगाची, जास्त पैशाची योजना घेतो. पुढच्या खोलीतला वेग वाढतो. मागच्या खोलीत पूर्वीचाच अंधार!

याचे कारण साधे आहे. पाणी कमी पडत नव्हते, ते पोचत नव्हते. आणि पोचवण्याचा एक उपाय बहुतेकांच्या घरात कपाटाच्या तळाशी पडून असतो. कंपनी बदलली, फायबर आले, तेव्हा जुना राउटर काढून ठेवलेला असतो. तो चालू असतो, पण निवृत्त असतो. हा जुना राउटर आणि चालू राउटर यांना तारेशिवाय एकमेकांशी जोडता येते. या जोडणीला तांत्रिक भाषेत वायरलेस ब्रिज म्हणतात. ब्रिज म्हणजे पूल. पण आपल्या घरातल्या या कामाला मला कोकणातला ‘साकव’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ओढ्यावर टाकलेला लहानसा, पायी जाण्यापुरता पूल. साकवाने गाव मोठे होत नाही, पण पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतले मूल शाळेत जाऊ शकते.

बिनतारी साकवाची ही कल्पना जुनी आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर विद्यापीठाचे संगणक एका बेटावर आणि ते वापरू इच्छिणारे लोक दुसऱ्या बेटांवर, अशी अडचण होती. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारा टाकण्याऐवजी रेडिओ लहरी वापरल्या. १९७१ साली त्यांचे ‘अलोहानेट’ सुरू झाले. तिथे त्यांना एक मूलभूत प्रश्न सोडवावा लागला. रेडिओ लहरींचे मैदान सर्वांचे एकच. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. त्यांनी ठरवले, की निरोप पोचल्याची पावती आली नाही तर प्रत्येकाने थोडा वेळ, आणि तोही वेगवेगळा, थांबायचे व पुन्हा बोलायचे. आपल्या घरातले वाय-फाय आजही जवळजवळ हाच शिष्टाचार पाळते. आधी ऐकायचे, कोणी बोलत नसेल तर बोलायचे, टक्कर झाली तर थांबून पुन्हा बोलायचे. आपल्या सभासंमेलनांत एवढे पाळले गेले तरी पुष्कळ!

पुढे १९८५ साली अमेरिकेने काही लहरींचे पट्टे परवान्याशिवाय अशा संपर्कासाठी खुले केले. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक ठरले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरात मोकळा झाला. म्हणून आज आपण घरात आणि अंगणात दोन राउटर एकमेकांशी बोलते करतो, तेव्हा कोणाच्या कचेरीत अर्ज करावा लागत नाही.

आता भिंतींकडे वळू. हे दोन पट्टे स्वभावाने वेगळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. पहिली वेगाला कमी, पण भिंती ओलांडण्यात चिवट. दुसरी वेगवान, पण नाजूक. एका जाड भिंतीत दमते. प्लायवूडचे पार्टिशन दोघींनाही फारसे अडवत नाही. विटांची भिंत थोडे घेते. सिमेंटचा स्लॅब त्यातल्या सळयांसह बरेच घेतो. जांभ्या दगडाची दीड हात रुंदीची भिंत, आणि तीही आषाढात ओली झालेली, म्हणजे तर मोठाच अडसर, कारण पाणी या लहरी शोषते. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवणे म्हणजे रांजणात तोंड घालून हाक मारणे. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. म्हणून शेजारी ओव्हन सुरू झाला की २.४ च्या पट्ट्यावरचे वाय-फाय अडखळते.

आमच्या बहिणीचे घर असेच जांभ्याचे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे परसू, आणि परसवात वेगळी असलेली एक खोली. पूर्वी तिथे गवताचे भारे असत. नंतर तिथे टेबल आले. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा भाची दहावीला होती. घरात माणसे पुष्कळ, म्हणून अभ्यासाला ती मागची खोली. पण वर्ग सुरू झाला की तिला ओटीच्या पायरीवर येऊन बसावे लागे. येणारेजाणारे, कोंबड्या, पावसाची झड, आणि त्यात भूमिती.

मी कपाटातला जुना राउटर काढला तेव्हा ती म्हणाली, “मामू, हे कवितेइतकं सोपं नाही हं!”

मी म्हटले, “कविता सोपी असते असं तुला कोणी सांगितलं?”

दुपारभराचे काम होते. संध्याकाळी ती मागच्या खोलीत टेबलाशी बसली आणि दार लावून घेतले. त्या लावलेल्या दाराचे मोल मला फार वाटले. घरातल्या मुलीला स्वतःची खोली असणे आणि त्या खोलीत जग पोचणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणे आपल्याकडे सोपे नाही.

तर हा साकव बांधायचा कसा? आधी एक फरक समजून घेऊ. राउटर वाढवण्याच्या दोन रीती आहेत. दुसरा राउटर पहिल्याचा निरोप ऐकून पुन्हा हवेत मोठ्याने सांगतो, ती रिपीटरची रीत. दुसरा राउटर पहिल्याशी हवेतून जोडलेला राहतो आणि आपल्यामागच्या संगणकाला, टीव्हीला तारेने इंटरनेट देतो, ती निव्वळ ब्रिजची रीत. पुष्कळ राउटर दोन्ही कामे एकदम करतात.

वरवर हे सोपे दिसते, पण आत एक अडचण असते. आमच्या लहानपणी मुंबईहून, आखातातून येणाऱ्या पत्रांवर ‘द्वारा’ म्हणून गावातल्या दुकानदाराचे नाव असे. पत्र लिहिणारा एक, ज्याच्यासाठी ते आहे तो दुसरा, पोचवणारा पोस्टमन तिसरा आणि हातात घेणारा दुकानदार चौथा. वाय-फायच्या साध्या निरोपात तीनच पत्ते असतात. फोन आणि राउटर यांचे बोलणे तेवढ्यात भागते. पण दोन राउटरांमधून निरोप जायचा, तर मूळ धाडणारा, अखेरचा घेणारा, मधला देणारा आणि मधला घेणारा असे चार पत्ते लागतात. ही चार पत्त्यांची सोय डब्ल्यूडीएस या नावाने ओळखली जाते. प्रत्येक कंपनीने ती आपापल्या पद्धतीने बसवली. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर कधीकधी एकमेकांशी पटवून घेत नाहीत. एकाच कंपनीचे असतील तर काम बहुधा सुरळीत होते.

प्रत्यक्ष काम असे. फायबरची तार जिथे येते तो राउटर पहिला. त्याला थोरला म्हणू. कपाटातून काढलेला तो धाकटा. थोरल्याच्या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : वाय-फायचे नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि त्याचा स्वतःचा आकडी पत्ता. हा पत्ता त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. थोरल्याचे चॅनल आपोआप बदलत राहील असे ठेवू नका; एक ठरवून द्या. २.४ च्या पट्ट्यावर १, ६ आणि ११ ही तीन चॅनले एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातले शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कमी व्यापलेले निवडा.

आता धाकट्याकडे या. त्याच्या मागे बारीक भोक असते, त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा. त्याच्या जुन्या आठवणी पुसल्या जातात. मग संगणक तारेने त्याच्या लॅनच्या भोकात जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता घाला आणि त्याचे पान उघडा. पहिले काम, त्याचा पत्ता बदला. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे असले की दोघांचा जन्मपत्ता बहुधा एकच असतो, आणि एका घरात एका पत्त्याचे दोघे चालत नाहीत. थोरला १ असेल तर धाकट्याला १९२.१६८.१.२ द्या. थोरला इतर उपकरणांना जे आकडे वाटतो त्यांत हा आकडा येत नाही, एवढे पाहा. बदल केल्यावर धाकट्याचे पान नव्या पत्त्यावर उघडेल.

दुसरे काम, वायरलेसच्या पानावर जाऊन ब्रिज, डब्ल्यूडीएस, रिपीटर किंवा क्लायंट अशा नावाची जी सोय असेल ती निवडा. धाकटा आसपासच्या वाय-फायची यादी दाखवील. त्यातून थोरल्याचे नाव निवडून त्याचा पासवर्ड द्या.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे. धाकट्याचे डीएचसीपी बंद करा. हे डीएचसीपी म्हणजे काय? दवाखान्यात गेल्यावर खिडकीवर नंबराचे टोकन मिळते ना, ते देणारा कारकून. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला तो नंबर देतो. दोन खिडक्यांवर दोन कारकून बसले आणि दोघेही आपापल्या मनाने एक ते पन्नास टोकने वाटू लागले, तर डॉक्टरांच्या दाराशी काय होईल? तेच घरात होते. कधी चालते, कधी चालत नाही आणि कारण सापडत नाही. नंबर वाटण्याचे काम थोरल्याकडेच राहू द्या. मात्र हे बंद करण्याचे काम शेवटी करा, नाहीतर जोडणी पुरी होण्याआधीच तुमच्या संगणकाला नंबर देणारा कोणी उरणार नाही.

चौथे, तारेचे. ब्रिज म्हणून काम करणाऱ्या धाकट्याचे वॅनचे वेगळ्या रंगाचे भोक सहसा रिकामे ठेवायचे. संगणक, टीव्ही जोडायचा तो लॅनच्या भोकात.

झाले की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. धाकट्याला जोडलेल्या संगणकावर थोरल्याचा पत्ता घाला. थोरल्याचे पान उघडले तर साकव उभा राहिला. ते उघडले आणि इंटरनेट नसेल, तर दोष साकवाचा नाही. त्याच्या अलीकडे शोधा.

इथे एक इशारा दिला पाहिजे. साकव झाल्यावर कोणीतरी हुशार माणूस दोन्ही राउटरांमध्ये एक तारही टाकतो. म्हणतो, दोन रस्ते असले तर वेग दुप्पट होईल. होते उलटेच. सर्वांसाठी असलेला निरोप हवेतून जातो, तारेतून परत येतो, पुन्हा हवेतून जातो. थांबत नाही आणि वाढत जातो. काही क्षणांत घरातले सारे दिवे लुकलुकतात आणि सारे ठप्प होते. मोठ्या जाळ्यांमधला हा चकवा सोडवला तो रेडिया पर्लमन या विदुषीने, १९८५ साली. जाळ्यातले जादा रस्ते मिटून घेऊन फक्त झाडाच्या फांद्यांसारखी, कुठेही गोल न फिरणारी रचना ठेवायची, ही त्यांची रीत. आणि आपल्यासारख्यांना आनंद वाटावा असे, की ही रीत समजावण्यासाठी त्यांनी चक्क एक कविताही लिहिली. जॉइस किल्मर यांच्या झाडावरच्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या चालीवर. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही भेटते. घरगुती स्वस्त राउटरमध्ये त्यांची ही युक्ती असेलच असे नाही. म्हणून आपणच लक्षात ठेवायचे : दोन राउटरांमध्ये रस्ता एकच. हवा किंवा तार.

आता वेगाचे खरे बोलू, कारण इथेच लोकांची निराशा होते. धाकट्याकडे बोलायला आणि ऐकायला एकच रेडिओ असेल, तर तो एका वेळी एकच काम करतो. थोरल्याकडून ऐकायचे, मग तुमच्या फोनला सांगायचे. वेळ वाटली गेली की वेग साधारण निम्मा होतो. धाकट्यापर्यंत ४० मेगाबिट येत असतील तर त्याच्या वाय-फायवर २० च्या आसपास मिळतील. पण घाबरू नका. चांगल्या चित्राच्या एका व्हिडिओ वर्गाला चारपाच मेगाबिट पुरतात. संगणक धाकट्याला तारेने जोडला, तर ही निम्म्याची कपात टळते. आणि दोन्ही राउटर दोन पट्ट्यांचे असतील, तर आपापसात ५ गिगाहर्ट्झवर आणि घरच्या फोनांशी २.४ वर बोलू द्या. वाटणीचा प्रश्न बराच मिटतो.

जागेचीही एक मोठी चूक सर्रास होते. जिथे वाय-फाय मुळीच पोचत नाही त्या खोलीत लोक धाकट्याला नेऊन ठेवतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? त्याला अशा मधल्या जागी ठेवा, जिथे थोरल्याचा आवाज अजून चांगला पोचतो. फोनवर लहरींची ताकद उणे आकड्यात दाखवणारी साधने मिळतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत काम चांगले होते, उणे ८० म्हणजे कुजबुज. बहिणीच्या घरी धाकटा मागच्या खोलीत ठेवला नाही. माजघराच्या मागच्या खिडकीत, परसवाकडे तोंड करून ठेवला. भिंतीतून जाण्यापेक्षा खिडकीतून जाणे लहरींनाही आवडते.

दोन राउटर म्हणजे दोन वीजजोडण्या, हेही ध्यानात असू द्या. वीज गेल्यावर थोरला इन्व्हर्टरवर आणि धाकटा अंधारात, असे झाले तर साकव तुटलाच. जुन्या राउटरचा ॲडॅप्टर हरवला असेल तर दिसेल तो लावू नका. एखाद्याला ९ व्होल्ट लागतात, एखाद्याला १२. तळाशी लिहिलेले असते, ते वाचूनच लावा.

शेवटी कुलपाबद्दल. पूल बांधला की त्यावरून आपली माणसे जातात तसा चोरही जाऊ शकतो. वाय-फायच्या कुलपाचा सर्वांत जुना प्रकार डब्ल्यूईपी. तो २००१ मध्येच फोडला गेला. २००४ पासून डब्ल्यूपीए-२ आहे आणि २०१८ पासून डब्ल्यूपीए-३. काही फार जुने राउटर ब्रिज करताना फक्त डब्ल्यूईपीच चालेल म्हणून हटून बसतात. अशा वेळी त्याच्यासाठी थोरल्याचे कुलूप जुने करू नका. एका धाकट्या राउटरच्या सोयीसाठी साऱ्या घराचे दार उघडे टाकणे परवडत नाही; त्या राउटरला सन्मानाने ई-कचऱ्यात द्या. तसेच धाकट्याच्या स्वतःच्या पानाचा जो तयार पासवर्ड असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. शेजाऱ्याच्या घरापर्यंत साकव टाकण्याचा मोह झाला, तर आधी कंपनीच्या अटी वाचा. जोडणी ज्याच्या नावावर, विचारणाही आधी त्याच्याकडेच होते.

एक प्रामाणिक गोष्ट सांगून ठेवतो. जिथे तार टाकता येते, तिथे तारच टाकावी. साधी लॅनची तार शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. तिला पाऊस, ओव्हन, शेजाऱ्याचे चॅनल यांचे काही पडलेले नसते. बाजारात मेश नावाचे जोडसंच मिळतात, त्यांतही तत्त्व हेच आहे. फक्त राउटर आपापसात ठरवून घेतात, आपल्याला आकडे घालावे लागत नाहीत. पैसे असतील तर तो मार्ग सुखाचा. पण भाड्याचे घर असेल, भिंत फोडू देत नसतील, मध्ये अंगण असेल, किंवा नवा संच घेण्याची ऐपत आज नसेल, तर कपाटातला जुना राउटर आणि एक दुपार पुरते.

तेव्हा पुढच्या वेळी जास्त वेगाची योजना घेण्यापूर्वी फोन हातात घेऊन घरभर एक चक्कर मारा. कमानी कुठे कमी होतात, ते पाहा. आणि त्या जागेच्या पलीकडे घरातले कोण बसते, हेही पाहा. बहुतेक घरांत तिथे म्हातारी माणसे, शिकणारी मुले किंवा स्वयंपाकघरातली बाई असते. राउटर मात्र बैठकीत, टीव्हीशेजारी असतो. साकव कुठे टाकायचा, ते त्यावरून ठरवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)